हवालदारांचा दाराआडचा खेळ

दुपारची जेवणं झाली की हवालदार केरबा आधी रस्त्याकडचं दार लावून घेत, मग खिडकीचा पडदा ओढत, आणि मग शेळी होत.

उंब्रजच्या अलीकडे महामार्ग सोडून उसाच्या रानातून आत गेलं की त्यांची वस्ती. वस्तीतल्या लोकांना वाटे, हवालदार दुपारचे झोपतात. पलटणीतून पेन्शन घेऊन आलेल्या माणसानं दुपारी झोपावं यात कुणाला वावगं वाटायचं कारण नव्हतं. आत मात्र हवालदार तळहात आणि गुडघे फरशीवर टेकून, मान खाली घालून "म्यांऽऽ" करत असत, आणि त्यांचा नातू साईराज हातात मेथीची काडी धरून त्यांच्या तोंडासमोर उभा असे.

ज्यानं केरबांना फक्त बाहेर पाहिलं असेल त्याला हे खरं वाटलं नसतं. उंच, सरळ पाठीचा माणूस. पांढरीशुभ्र विजार, वर इस्त्रीचा सदरा, भरघोस पांढरी मिशी. ग्रामसभेत त्यांनी नुसता घसा खाकरला तरी कुजबुज थांबे. स्टँडवर मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावून बसलेली पोरं त्यांना लांबून बघून आवाज कमी करत. असा माणूस शेळीचा आवाज काढी तेव्हा तो आवाज सगळ्यात आधी त्याच्या स्वतःच्याच कानात शिरे, आणि कान गरम होत. इतक्या दिवसांत ते एकदाही थंड राहिले नव्हते.

हे त्यांच्या वाट्याला आलं ते असं. मुलगा शंभूराज फौजेत, सीमेवर. सून संयोगिता औषधशास्त्र शिकलेली. ती महामार्गावरच्या मेडिकल दुकानात दिवसभर उभी असे. बायको मनुबाई, तिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळं ती कायम खुर्चीत. राहता राहिले केरबा. त्यांनी नातवाला सांभाळायचं काम चोख अंगावर घेतलं होतं. वेळेवर आंघोळ, वेळेवर भात, वेळेवर झोप. अंगाला माती नाही, नाकाला शेंबूड नाही. पोराला टीव्हीसमोर बसवायचं, आपण खुर्चीत पेपर घेऊन बसायचं. दोघंही शहाण्यासारखे गप्प बसत.

"आमचा साईराज बगा," ते चहाच्या हॉटेलात अभिमानानं सांगत, "एका जागी बस म्हटलं की बसतोय. आवाज म्हनून न्हाई."

तो आवाज का नाही, हा प्रश्न त्यांना पडला नव्हता. तो संयोगिताला पडला. साईराजनं दुसरं वर्ष पुरं केलं तरी त्याच्याजवळ धड शब्द नव्हते. काही हवं असलं की तो माणसाचं बोट धरून ओढी. हाक मारली तर वळून बघेच असं नव्हतं.

मनुबाईंसकट सगळे गाडी करून कऱ्हाडला गेले. तिथं डॉक्टरांनी आधी कान तपासले. ऐकू नीट येत होतं. मग मुलांकडून बोलण्याचा सराव करून घेणाऱ्या एका मॅडमकडे त्यांनी पाठवलं. मॅडम वयानं संयोगिताएवढ्याच. त्यांनी औषध लिहून दिलं नाही, कसलं मशीन लावलं नाही. त्या सतरंजीवर मांडी घालून बसल्या आणि त्यांनी एका वाटीखाली लिंबू लपवलं. "कुठं गेलं?" असं विचारून त्या थांबल्या. नुसत्या थांबल्या. साईराजनं वाटीकडे बघितलं, त्यांच्या तोंडाकडे बघितलं, परत वाटीकडे बघितलं आणि हळूच वाटी उचलली. मॅडमनी इतक्या आनंदानं टाळी वाजवली की केरबांना त्यांच्या वतीनं अवघडल्यासारखं झालं.

"विकतचं काही नको," मॅडम सांगत होत्या. "घरातले डबे, झाकणं, वाट्या. पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतू द्या. लाटण्यात बांगड्या ओवू द्या. कणकेचा गोळा द्या चिवडायला. तोंडावर पदर घेऊन कुक करा, प्राण्यांचे आवाज काढा. तुम्ही काहीतरी करायचं आणि मग थांबायचं. त्याची पाळी येऊ द्यायची. बोलणं म्हणजे तरी दुसरं काय असतं? एकानं बोलायचं, दुसऱ्यानं थांबायचं, मग उलट. ते खेळतानाच अंगवळणी पडतं. आणि तो टीव्ही बंद."

"हे कुणी करायचं?" संयोगितानं विचारलं.

"दिवसभर त्याच्याजवळ कोण असतं?"

संयोगितानं सासऱ्यांकडे पाहिलं नाही. मनुबाईंनी पाहिलं. केरबा पंख्याकडे बघत होते.

घरी आल्यावर मनुबाई म्हणाल्या, "आवं, म्या केलं असतं. पर मला खाली बसाय येतंय व्हय? एकदा बसले तर उठवाय क्रेन आनावी लागंल."

"मग मी आता ह्या वयात भातुकली खेळू?"

"खेळा की. पलटनीत सायबानं सांगितलं म्हनून खड्डं खनलंसा, परत बुजवलंसा. तवा इचारलंसा का, कशापायी म्हनून?"

खड्ड्यांचं ते खरं होतं. पण हे खड्डे खणण्यापेक्षा अवघड होतं, हे मनुबाईंनाही ठाऊक होतं. त्यांच्या घरात बाप्यानं चारचौघांत पोराला खेळवायची रीत नव्हती. आणि स्वतःच्या पोराला थोरल्यांसमोर उचलून घेणं हा तर निर्लज्जपणाच. शंभूराज नुकता चालायला लागला त्या वर्षी केरबा सुट्टीवर आले होते. पोरगं अंगणातून दोन्ही हात पसरून त्यांच्याकडे धावत आलं. सोप्यात केरबांचे वडील, आबा, पान जमवत बसलेले. केरबांनी वाकून शेजारची बादली उचलली आणि ते हौदाकडे निघून गेले. पोरगं जिथं पोचलं होतं तिथंच हात पसरून उभं राहिलं. मग मनुबाईंनी येऊन त्याला कडेवर घेतलं. "वळनाचा हाय माजा ल्योक," असं आबा शेजाऱ्याला म्हणाले, आणि केरबांना त्या वेळी बिल्ला मिळाल्यासारखं वाटलं होतं.

तर अशा माणसानं दार लावून घेतलं. दार लावल्यावर मात्र त्यांनी काम अंगचोरपणे केलं नाही. मनुबाईंच्या जुन्या प्लास्टिकच्या बांगड्या आणि लाटणं घेऊन ते फरशीवर बसले. स्टीलच्या डब्यांची उतरंड रचली आणि साईराजला पाडू दिली. त्या आवाजानं मनुबाई आतल्या खोलीतून ओरडल्या, तरी परत रचली. परातीत पाणी ओतलं. पहिले काही दिवस साईराज त्यांच्याकडे बघतच राहिला, घरात कुणी अनोळखी माणूस शिरावा तसा. आज्जाला गुडघे असतात आणि ते जमिनीला टेकतात, हे त्याला नवं होतं.

शेळी त्याला बरी वाटली, म्हैस फारशी नाही. पण एक दिवस केरबांना ट्रक सुचला. उभी नोकरी त्यांनी पलटणीच्या ट्रकवर काढली होती. संयोगिताच्या दुकानातून आलेल्या औषधांच्या रिकाम्या खोक्याला नाडी बांधली, त्यात साईराजला बसवलं आणि ओढता ओढता ट्रक घाट चढतो तसा आवाज घशातून काढला. पहिल्या गिअरचा तो जड घरघराट, हळूहळू वर चढत जाणारा. मग क्लच दाबला की एक क्षण सगळं शांत. मग दुसरा गिअर.

त्या शांत क्षणात साईराज म्हणाला, "ढुर्र."

केरबा नाडी हातात धरून तसेच उभे राहिले. त्यांनी पुन्हा पहिला गिअर टाकला, आवाज चढवत नेला, क्लच दाबला आणि थांबले. "ढुर्र!" साईराजनं दुसरा गिअर टाकला. आज्जाच्या डोळ्यांत बघून टाकला. मॅडम थांबायचं म्हणत होत्या ते हेच, असं केरबांच्या ध्यानात आलं. त्या दुपारी ट्रकनं किती घाट चढले याला गणती नाही.

हे सगळं दाराआड. बाहेरून कुणी "हवालदार, हाय का घरात?" अशी हाक दिली की केरबा ताडकन उठत, तोंडावर बोट ठेवून "शूऽऽ" म्हणत, बांगड्या कॉटखाली सारत, खोका पायानं कोपऱ्यात ढकलत आणि पेपर हातात घेऊन मगच कडी काढत. पुढं पुढं साईराज त्यात तरबेज झाला. हाक आली की आज्जाच्या आधी तोच बांगड्या कॉटखाली सारू लागला. केरबांना त्याचं कौतुक वाटे. पोरगं हुशार आहे, लगेच शिकतं.

संध्याकाळी संयोगिता येई तेव्हाही असंच. तिची कडी वाजली की खेळ मोडे. एकदा तिनं विचारलं, "तात्या, तो तुमच्यापाशी आवाज काढतो का काही?"

"काढतुया की. थोडा थोडा."

"माझ्यासमोर काहीच नाही काढत. एकदा मला दाखवा की, कसं खेळता ते."

सुनेसमोर फरशीवर रांगायचं, या कल्पनेनंच केरबांच्या अंगावर काटा आला. "आता दमलंय पोरगं," ते म्हणाले. "उद्या बगू." संयोगितानं पिशवी खाली ठेवली आणि ती चहा टाकायला आत गेली. तो उद्या काही आला नाही.

एके दिवशी केरबांचा शाळेपासूनचा दोस्त आकाराम फवारणीचा पंप मागायला आला. हाक मारायच्या आधी त्यानं खिडकीतून डोकावलं, आणि पडदा त्या दिवशी पुरता ओढलेला नव्हता. तो पंप न मागताच निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी केरबा साईराजला बोटाला धरून चहाच्या हॉटेलात गेले, तेव्हा आकाराम बाकड्यावर पाय हलवत वाटच बघत होता.

"या हवालदार. पदर लय शोभतोय गड्या तुला."

"कसला पदर?"

"आता कसला म्हंजे! काल खिडकीतनं बगितलं की रं. डोक्यावर पदर, आनि 'कुक'! मला वाटलं वैनीच हायत. मिशी दिसली तवा कळालं."

हॉटेलात हशा उसळला. हॉटेलवाला तर हातातली गाळणी तशीच धरून हसत राहिला. कोपऱ्यातून कुणी म्हणालं, "मिशीवाली वैनी म्हना की!" केरबांच्या कानाला आग लागली.

"मनूचं गुडघं दुखत्यात," ते म्हणाले. "तिचं लुगडं वाळत टाकत हुतो. पोराबरूबर खेळाय मी काय बाई हाय व्हय? असल्या भानगडीत मी पडत न्हाई. ते बायकांनी बगावं."

तेवढ्यात महामार्गावरून उसाचा एक भरलेला ट्रक चढाला लागला. त्याचा घरघराट वर चढत गेला, आणि गिअर बदलताना क्षणभर थांबला. साईराजनं हातातलं बिस्किट खाली केलं. मान वर करून आज्जाकडे बघितलं आणि म्हणाला, "ढुर्र!"

घराबाहेर, माणसांत, पहिल्यांदाच.

एवढं म्हणून तो थांबला. आता आज्जाची पाळी होती. केरबा चहाच्या कपात बघत राहिले. साईराजनं त्यांची विजार ओढली. "ढुर्र?" या वेळी तो विचारत होता. आकाराम आणि बाकीचे बघत होते. केरबांनी हळूच तोंडावर बोट ठेवलं. "शू."

साईराजनं आपलंही बोट तोंडावर ठेवलं आणि तो गप्प झाला.

"बगा," आकाराम म्हणाला, "किती वळनाचं पोरगं हाय."

घरी जाताना केरबांनी त्याला खांद्यावर घेतलं नाही, का कोण जाणे. बोटाला धरून चालवत नेलं. उसाच्या कडेनं जाताना आजूबाजूला कुणी नाही असं बघून त्यांनी स्वतःहून पहिला गिअर टाकला आणि थांबले. साईराजनं आधी मागं वळून रस्त्याकडे बघितलं, मग आज्जाकडे, आणि बोट तोंडावर ठेवलं. केरबांनी पुढं तो आवाज काढला नाही.

पुढच्या खेपेला कऱ्हाडला केरबा आणि संयोगिता दोघं साईराजला घेऊन गेले. मॅडमनी सतरंजीवर डबे मांडले, एक लाकडी गाडी ठेवली आणि म्हणाल्या, "ये साईराज, खेळूया."

साईराज उठला. गाडीकडे गेला नाही. दाराकडे गेला. दार उघडं राहावं म्हणून खाली लाकडी ठोकळा लावलेला होता, ते हलेना. तो दोन्ही हातांनी ढकलत राहिला. मग तो खिडकीपाशी गेला, पडद्याचं टोक धरून ओढलं, आणि परत येऊन सतरंजीवर बसला. आईकडे बघितलं. मॅडमकडे बघितलं. तोंडावर बोट ठेवलं.

"हे काय करतोय हा?" संयोगिता म्हणाली.

"खेळायच्या आधी दार लावतोय," मॅडम म्हणाल्या. "असं घरी कोण करतं?"

पोरांना काय कुठूनही सवयी लागतात, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. केरबांच्या ओठांवर ते आलंही होतं.

"मी," ते म्हणाले. "कुनी बगंल म्हनून."

मॅडम हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हसल्या नाहीत. "आजोबा," त्या म्हणाल्या, "तुम्ही त्याच्याशी पुष्कळ खेळलाय, ते दिसतंय. तो बघतो, थांबतो, पाळीची वाट बघतो. आधी यातलं काहीच नव्हतं. पण त्याला वाटतंय की हे सगळं लपवायचं असतं. आणि बोलणं तर माणसांत करायचं असतं ना? त्याचा तेवढा एक गैरसमज आता तुम्हालाच काढावा लागेल. तुमच्याशिवाय तो दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाही."

परतीच्या एसटीत संयोगिता खिडकीबाहेर बघत होती. साईराज तिच्या मांडीवर झोपला होता. तळबीडचा फाटा मागं पडल्यावर ती म्हणाली, "तात्या, एक सांगू? मी रोज दाराबाहेर थांबते. कामावरून आल्यावर. आतून तुमचा ट्रक ऐकू येतो, त्याचा आवाज ऐकू येतो. मी कडी वाजवली की दोन्ही बंद होतात, ते माहीत आहे मला. म्हणून जरा वेळ पायरीवर बसते. मग वाजवते."

ती हे रागानं म्हणाली नाही. केरबांनी समोरच्या सीटची दांडी धरली. दिवसभर उभ्यानं काम करून आलेली पोर, हातात पिशवी, आपल्याच घराच्या पायरीवर बसून आपल्याच लेकराचा आवाज चोरून ऐकते. उंब्रज आलं तेव्हा त्यांनी तिच्या हातातली पिशवी घेतली, एवढंच.

त्यानंतर त्यांनी दाराला कडी लावणं सोडलं. पण उघड्या दाराशी साईराज काही खेळेना, आणि खरं सांगायचं तर केरबांचाही आवाज घशातून वर येईना. दार उघडं आणि दोघं गप्प, असे काही दिवस गेले. टीव्ही बंद होता, हीच काय ती प्रगती.

अशात शंभूराज सुट्टीवर आला. साईराजनं पहिल्या दिवशी बापाला लांबून निरखलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शंभूराज अंगणात उभा राहून दात घासत होता. केरबा सोप्यात खुर्चीवर पेपर वाचत होते. साईराज घरातून बाहेर आला, खोक्याची नाडी ओढत थेट बापापाशी गेला आणि नाडीचं टोक त्याच्यापुढं धरलं.

शंभूराजचा चेहरा उजळला. मग त्यानं सोप्याकडे बघितलं, आणि खाली वाकून चपलेचा पट्टा नीट करायला लागला. पट्टा नीटच होता.

साईराज नाडी धरून तसाच उभा राहिला. केरबांनी पेपर खाली ठेवला. आपल्यासमोर ते पोरगं बापाला परकं होतंय, आणि ते आपल्याचमुळं, हे त्यांना असं दिसलं की नजर फिरवायला जागा उरली नाही. उठून हॉटेलात जावं, असं त्यांच्या मनात आलं. आपण नजरेआड झालो की शंभूराज त्याला उचलेल, उरापोटाशी धरेल. आबा त्या दिवशी उठून गेले असते तर आपणही उचललं असतं; आबांवरचा हा राग त्यांनी कधी कुणाला सांगितला नव्हता. त्यांनी टोपी घातली, पायरी उतरले, चार पावलं गेलेही. मग उभे राहिले. आपण गेलो तर बाप लेकाला खेळवेल खरा, पण आज्जाच्या पाठीमागं. पोराला मग कळायचं ते तेच कळणार.

कंपाउंडच्या भिंतीसाठी आणलेल्या वाळूचा ढीग रस्त्याच्या कडेला पडला होता. केरबा वळून त्या ढिगापाशी आले. इस्त्रीची विजार, पांढरा सदरा, डोक्याला टोपी, तसेच ते वाळूत बसले. बसताना तोल गेला आणि एक हात कोपरापर्यंत वाळूत रुतला. दाराशी खुर्चीत बसलेल्या मनुबाई "आगं बाई!" म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावून गप्प राहिल्या.

"साईराज," केरबांनी हाक मारली. "ये. रस्ता करूया."

साईराज आला. त्यानं वाळूकडे बघितलं, आज्जाकडे बघितलं, मग चारी बाजूंना बघितलं. इथं लावायला दार नव्हतं. रस्त्यानं दूध घालायला निघालेली माणसं येत होती. शंभूराज आलाय म्हणून त्याला भेटायला आकारामही त्यांच्यात होता. केरबांना ते सगळे दिसत होते. त्यांनी हातानं वाळूत एक चढाचा रस्ता काढला, वाळूशेजारी पडलेला एक डबा त्यावर ठेवला आणि पहिला गिअर टाकला. आवाज फुटका निघाला. म्हाताऱ्याचा खोकला वाटावा असा.

"आरं तिच्या!" आकाराम रस्त्यावरच थांबला. "हवालदार, लुगडं वाळत घालताय व्हय आजबी?"

दोघं-तिघं हसले. केरबांच्या कानापासून मानेपर्यंत धग पसरली. त्यांनी वर बघितलं नाही. डबा चढावर ढकलत नेला, आवाज चढवत नेला, आणि क्लच दाबून थांबले.

साईराज गप्प.

त्यांनी डबा खाली आणला. पुन्हा पहिला गिअर. पुन्हा थांबले. साईराजचं बोट तोंडापर्यंत गेलं. केरबांनी ते बोट हळूच आपल्या हातात घेतलं आणि खाली केलं. पुन्हा गाडी चढाला लावली. आता हसणंही थांबलं होतं, आणि ते जास्त अवघड होतं. सगळे नुसते बघत होते.

"शंभू," केरबा म्हणाले, "माझा दम संपला. दुसरा गिअर तू टाक."

"तात्या, लोकं हायत," शंभूराज हळू आवाजात म्हणाला. "आनि तुमी हायसा."

"हायत म्हनूनच टाक. आनि मीबी हितंच हाय. मी कुटं जात न्हाई."

शंभूराजनं ब्रश खिशात खोचला. मग चपला काढून, बापाकडे न बघता, तो पलीकडच्या बाजूला वाळूत बसला. त्याचेही कान लाल झाले होते. केरबांनी गाडी चढवत आणली आणि थांबले. शंभूराजनं खाली मान घालून, लाजत, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं दुसरा गिअर टाकला.

साईराजनं चमकून बापाकडे बघितलं. मग आज्जाकडे. दोन मोठी माणसं, दोघंही वाळूत, आणि कुणीच काही लपवत नव्हतं. तो मोठ्यानं हसला. संयोगिता कामावर निघायच्या तयारीत दारात येऊन उभी होती. ती तिथंच पायरीवर बसली. आज तिला दाराला कान लावावा लागला नाही.

हसता हसता साईराज उठला. तो रस्त्यावर गेला, आकारामच्या पुढं उभा राहिला आणि त्यानं त्याच्या धोतराचा सोगा धरून ओढला.

"बश," तो म्हणाला.

"काय म्हनतंय हे?"

"बसा म्हणतोय, काका," संयोगिता म्हणाली.

"बश!" साईराजनं आता वाळूकडे बोट केलं. सगळ्या माणसांत, मोठ्यानं.

आकारामनं स्वतःच्या पांढऱ्या धोतराकडे बघितलं. "आरं लेकरा, माझं गुडघं..." तो म्हणू लागला. मग त्यानं मान वळवून रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे बघितलं, आणखी कोण कोण येतंय ते. चेहऱ्यावर ओशाळं हसू आलं होतं आणि पाय पुढं टाकावा की मागं, हे त्याला ठरवता येत नव्हतं.

केरबांना ती नजर चांगली ओळखीची होती. त्याला बसायला जागा व्हावी म्हणून ते वाळूत जरा बाजूला सरकले.